शून्य लिहिण्याआधी

शंकेखोर : एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुम्ही ज्याची मोजणी करायला निघाला आहात, तो प्राणी गोराईचा नाही. सी अर्चिन म्हटलं की आमच्या पोरांना दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आठवतं. कंटकचर्मी संघ : तारामासा, सी अर्चिन, सी ककुंबर. उदाहरणं पाठ केली, परीक्षेत लिहिली, विसरली. आमच्याकडे वाळू आहे, चिखल आहे, खाडी आहे. मनोरीकडे, उत्तनकडे थोडे खडक आहेत, त्यांवर कालवं आहेत. प्रवाळाचा समुद्रातला बगीचा टीव्हीवर दाखवतात, तसलं इथे काही नाही. मग उधाणाच्या सुकतीत चौकट आणि वही घेऊन खडकांवर वाकून नक्की काय मोजणार?

दुसरं म्हणजे हा शब्द. खाडीपलीकडे, बोरिवलीत, मोजणी म्हणजे फ्लॅटचं क्षेत्रफळ. खाडीच्या अलीकडे मोजणी म्हणजे काहीतरी जाणार याची पहिली खूण. इथे पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र येणार असं ऐकलं, तेव्हा गोराई, मनोरी, उत्तन ही सगळी गावं विरोधात उभी राहिली ती उगाच नाही. आधी मोजणीदार येतो, मग नकाशा येतो, मग नकाशात गाव कुठे ते शोधावं लागतं. म्हणून मी तुम्हाला मोजणीदारच म्हणणार. राग मानू नका.

मोजणीदार : नाव चांगलं आहे, ठेवा. त्या नावाला साजेशी एक गोष्ट सांगतो. ती गोराईची नाही, पण गोराईला लागू पडते.

जानेवारी १९८३. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर डायडेमा नावाचा सी अर्चिन मरायला लागला. लांब काळ्या काट्यांचा, पायात घुसला तर काटा आत मोडून राहतो असा. काटे झडायचे, एरवी कपारीत दडून बसणारा प्राणी उघड्यावर यायचा आणि काही दिवसांत संपायचा. हे मरण प्रवाहांबरोबर पुढे सरकलं आणि सुमारे वर्षभरात सगळ्या कॅरिबियन समुद्रात पसरलं. ठिकठिकाणी ९३ ते ९९ टक्के डायडेमा मेले. त्याआधी हा प्राणी तिथे इतका होता की जमैकाच्या खडकांवर एका चौरस मीटरला सरासरी दहाच्या आसपास सापडायचे. पोहणारे त्याला वैतागायचे. त्याची काळजी करावी असं कोणाला वाटलं नव्हतं.

तो गेल्यावर त्याचं काम काय होतं ते कळलं. याच्या तोंडात पाच दातांचं एक यंत्र असतं, ॲरिस्टॉटलचा कंदील म्हणतात त्याला. त्या दातांनी तो रात्रभर खडकावरचं शैवाल खरवडून खातो. प्रवाळाचं पिल्लू पाण्यात तरंगत येतं आणि त्याला चिकटायला उघडा खडक लागतो. खरवडणारा गेला, शैवाल माजलं, पिल्लांना बसायला जागा उरली नाही. जमैकात १९७७ साली खडकाचा ५२ टक्के भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता, १९९३ पर्यंत तो ३ टक्क्यांवर आला. शैवाल ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. आधी किती डायडेमा होते आणि किती मेले, हे आज सांगता येतं, कारण पनामात हॅरिलाओस लेसिओस आणि इतर बेटांवरची मोजकी माणसं त्या कंटाळवाण्या, मुबलक प्राण्याची आधीपासून मोजदाद करत होती.

शंकेखोर : गोष्ट चांगली आहे, पण तुम्ही ती अर्धीच सांगितलीत. तुमच्या मोजणाऱ्यांनी काय वाचवलं? मरण मोजलं. मेलेल्याच्या उशाशी बसून नाडी बघण्यासारखं झालं.

आणि उरलेली अर्धी मीच सांगतो. जमैकात फक्त सी अर्चिन मेला का? १९८० मध्ये ॲलन वादळाने प्रवाळ मोडून टाकला होता. त्याच्याही आधी, कित्येक दशकं, तिथले मासे उपसून काढले होते. शैवाल खाणारे मासे गेले आणि सी अर्चिनला खाणारे मासेही गेले. म्हणजे ते जे चौरस मीटरला दहा होते, ते मुळात निरोगी समुद्राचं लक्षण होतं, की माशांनी रिकाम्या केलेल्या घरात शिरलेले भाडेकरू होते? घर एका भाडेकरूवर चाललं होतं. तो गेला आणि घर पडलं. दोष भाडेकरूच्या मरणाचा, की सगळे घरवाले आधीच घालवले त्याचा?

केनियातलंही ऐका. तिथे मासेमारीने सी अर्चिन फोडून खाणारे मासे कमी झाले. मग सी अर्चिन इतके वाढले की शैवाल संपल्यावर ते खडकच कुरतडायला लागले. टिम मॅक्लॅनहन यांनी हे वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे : जिथे मासेमारी बंद, तिथे सी अर्चिन कमी आणि खडक बरा. म्हणजे एका समुद्रात हा प्राणी कमी झाला म्हणून रडायचं आणि दुसऱ्या समुद्रात वाढला म्हणून रडायचं. आता सांगा, तुमच्या वहीत "४० सापडले" असं लिहिलंत, तर ती आनंदाची बातमी की दुःखाची?

मोजणीदार : नुसत्या ४० वरून काहीच कळत नाही. हे मी मान्य करतो, आणि ज्यांनी हे काम नीट केलं आहे तेही मान्य करतात. म्हणून ते एकट्या सी अर्चिनची मोजणी करत नाहीत. त्याच पट्ट्यात शैवाल किती, मासे कोणते, बोटाएवढा कोवळा प्रवाळ किती, हे सगळं सोबत लिहितात. नाडीचे ठोके, ताप आणि भूक एकत्र पाहिल्यावरच वैद्याला काही बोलता येतं.

पण मेलेला प्राणी पुन्हा दिसू लागला की लोक "सावरला" म्हणतात, त्या शब्दाकडे जरा बघा, कारण तिथे मोजणीने एक गोष्ट शिकवली जी नुसत्या डोळ्यांना कधी दिसली नसती. ३० वर्षांनंतर लेसिओस यांनी सगळीकडचे आकडे एकत्र केले, तेव्हा डायडेमा आधीच्या सुमारे १२ टक्क्यांपर्यंतच परतला होता. एक मादी लाखो अंडी सोडते, मग ३० वर्षांत समुद्र भरून कसा गेला नाही? कारण हे प्राणी जोडीने येत नाहीत. मादी अंडी पाण्यात सोडते, नर बीज पाण्यात सोडतो. जवळजवळ असले तर भेट होते. दहा मीटरवर एक असा विखुरला, तर दोन्ही पाण्यात विरून जातात. दोनशे माणसं एका मांडवात असली तर लग्नं जुळतात. तीच दोनशे सगळ्या कोकणपट्टीत पसरली, तर माणसं तेवढीच, पण वराती निघत नाहीत. म्हणून एकूण किती यापेक्षा किती दाट, हा आकडा महत्त्वाचा. जमैकातच डिस्कव्हरी बे इथे काही उथळ पट्ट्यांत ते पुन्हा दाटीने जमले, आणि नेमक्या त्याच पट्ट्यांत शैवाल हटलं, कोवळा प्रवाळ वाढला. पलीकडच्या पट्ट्यात काहीच नाही. सावरणं हे असं ठिपक्याठिपक्यांनी होतं. सरासरी काढली की ते पुसलं जातं.

शंकेखोर : आणि ते ठिपकेही पुन्हा पुसले गेले. २०२२ च्या सुरुवातीला कॅरिबियनमध्ये तेच मरण परत आलं. चाळीस वर्षं वहीत आकडे भरले, बारा टक्के जमले, आणि एका हंगामात पुन्हा घसरण. मग तुम्ही तरी सावरणं कशाला म्हणता? दोन मरणांमधल्या श्वासाला?

त्यापेक्षा हवाईवाल्यांचं मला पटतं. तिथे बाहेरून आलेल्या शैवालाने कानेओहे खाडीतले प्रवाळ गुदमरत होते. त्यांनी स्थानिक जातीचे सी अर्चिन टाक्यांत वाढवले आणि २०११ पासून खडकांवर सोडायला लागले. मजुराला कामावर ठेवावं तसे. आधी सक्शन लावून शैवाल उपसलं, मग हे उरलेलं खायला बसवले. काम दिसतं. तुमच्या चौकटीने काय होतं? चौकट उचलली की खडक होता तसाच.

मोजणीदार : हवाईत किती सोडले, किती जगले आणि शैवाल खरंच घटलं का, हे कशाने कळलं? असू द्या, तो मुद्दा सोपा आहे, त्याच्यावर नाही अडत.

२०२२ चं मात्र नीट बघा. १९८३ मध्ये डायडेमा कशाने मेला, हे आजतागायत कळलेलं नाही. २०२२ मध्ये मरण सुरू झालं तेव्हा अनेक बेटांवर माणसं पाण्यात होती, त्यांच्याकडे कालपरवाचे आकडे होते, आजारी आणि निरोगी अशा दोन्ही प्राण्यांचे नमुने लगेच गोळा झाले. एप्रिल २०२३ मध्ये कारण छापून आलं : फिलास्टर गटातला एक सूक्ष्म, केसाळ, एकपेशीय जीव. तो नुसता मेलेल्या प्राण्यात सापडला असं नाही. प्रयोगशाळेत निरोगी प्राण्याला त्याची लागण करून पाहिली, तर प्राणी तसाच मेला. एक मरण चाळीस वर्षं बेवारस राहिलं आणि दुसऱ्याचं कारण सव्वा वर्षात सापडलं.

आता यात आपला संबंध. त्याच सुमारास भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात, मग तांबड्या समुद्रात डायडेमाची दुसरी जात मरायला लागली, आणि २०२३ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापर्यंत हे मरण पोचलं. तेल अवीव विद्यापीठातल्या लोकांनी धागा जुळवला, जीव त्याच कुळातला निघाला. तांबड्या समुद्रातून बाहेर पडलं की एडनचं आखात, आणि त्याच्यापुढे अरबी समुद्र. लक्षद्वीपच्या खडकांवर डायडेमा आहे. आपल्या मालवणला प्रवाळ आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे, त्यावर प्रवाळ आहे. उद्या तिथे काही मेलं, तर "आधी किती होते?" या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

शंकेखोर : बरोबर. म्हणजे मालवणला जा. गोराईला का आलात?

मालवणचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आजवर आहे. का? कारण त्यांना पहिल्यांदा कळलं ते सीमारेषेचं. आत काय आहे, कशासाठी राखायचं, त्यात तुमचा वाटा काय, हे नंतर, तेही तुकड्यातुकड्यांत. ज्या समुद्रात आजा-पणजाने जाळं टाकलं तो एका सकाळी "गाभा क्षेत्र" झाला. तुम्ही म्हणाल, प्रवाळ तर वाचला. कदाचित वाचला असेल. पण मोजणाऱ्याची वही आणि कुंपणाची तार एकाच गाडीतून येतात, असं ज्याच्या मनात एकदा बसलं, तो तुम्हाला खडक कुठला ते खरं सांगेल का? आणि त्याने खरं सांगितलं नाही, तर तुमचा आकडा खरा कसा?

मोजणीदार : ही अडचण मला माहीत आहे. तिच्यापासून पळायचं असतं, तर मी मालवणलाच गेलो असतो. तिथे किमान प्रवाळ तरी दिसतो. गोराईला आलो त्याला कारण आहे मनोरी.

समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प मनोरीला योजला आहे, रोज २० कोटी लिटर, पुढे वाढवून ४० कोटी. मुंबईला पाणी हवं, त्यावर मी वाद घालत नाही. पण गोडं पाणी काढलं की मागे जवळजवळ दुप्पट खारट पाणी उरतं, ते समुद्रातच सोडावं लागतं. आता तुमच्या दहावीच्या पुस्तकाकडे चला. कंटकचर्मी प्राण्यांची एक खोड पुस्तकात असती तर बरं झालं असतं : शरीरातलं मीठ सांभाळायची सोय यांच्याकडे नाही. खेकडा सांभाळतो, निवटा सांभाळतो. सी अर्चिनच्या आत तेच पाणी, जे बाहेर. बाहेर मीठ वाढलं की आतही वाढतं, घटलं की आतही घटतं. त्याचा गर्भ तर इतका नाजूक की पाणी किती विषारी आहे हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळा तोच वापरतात. स्पेनमध्ये आलिकांतेला असाच प्रकल्प सुरू झाला, तेव्हा विसर्गासमोरच्या सागरी गवतातून सी अर्चिन आणि त्याचे भाऊबंद दिसेनासे झाले. बाकी सगळं ठीकठाक दिसत असताना आधी जाणारा हा प्राणी आहे.

आणि इथे अजिबात नाहीत, असंही नाही. मुंबईच्या वाळूच्या किनाऱ्यांवर कधी एक चपटी चकती सापडते, मधोमध पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं. पोरं शंख-शिंपल्यांबरोबर ती उचलतात. तो वाळूत राहणारा, चपटा झालेला सी अर्चिनच. दिसत नाही म्हणजे नाही, असं आपण हाजी अलीच्या खडकांबद्दलही म्हणत होतो.

शंकेखोर : हाजी अलीचं तुम्हीच काढलंत, बरं झालं. तिथे काय झालं? प्रदीप पाताडे आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी २०१७ पासून किनाऱ्यावर फेऱ्या काढल्या, मुंबईचा समुद्र मेलेला नाही हे फोटोंसकट दाखवलं. उत्तम केलं. मुंबईच्या सागरी रस्त्याचं काम निघालं तेव्हा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ निघाला. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मग? रस्ता थांबला? २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १८ वसाहती उचलून दुसऱ्या खडकांवर नेऊन लावल्या आणि रस्ता पुढे गेला. मोजलं म्हणून हलवता आलं. मोजलंच नसतं, तर निदान कोणाला समाधान तरी मिळालं नसतं की आम्ही निसर्गाची काळजी घेतली.

आता गोराई-मनोरीवर तुमची वही ठेवतो. तुम्ही येणार, वाकणार, शोधणार, आणि बहुतेक वेळा लिहिणार : सी अर्चिन शून्य, प्रवाळ शून्य. ते शून्य कोणाच्या हाती पडणार? प्रकल्पाचा अहवाल लिहिणाऱ्याच्या. तो लिहील : "परिसरात संवेदनशील प्रजाती आढळल्या नाहीत." तुमचं प्रामाणिक शून्य त्याची परवानगी होईल. त्या खडकांवर बाया सुकतीत कालवं काढतात, त्या कालवांना अनुसूची नाही. डोलीत येणाऱ्या जवळ्याला, मांदेलीला, बोंबलाला अनुसूची नाही. दुर्मीळ काही सापडलं नाही म्हणून किनारा बिनकिमतीचा ठरणार असेल, तर मी म्हणतो, नका मोजू. ज्याची किंमत काढता येत नाही, त्याचं फुकटात मोल करू नका.

मोजणीदार : मी न आल्याने ते शून्य लिहिलं जायचं राहील, असं वाटतं तुम्हाला? ते कोणीतरी लिहिणारच आहे. दोन दिवसांत, भरतीच्या वेळी, धक्क्यावर उभं राहून. माझा प्रश्न एवढाच आहे की ते कसं लिहिलं जातं.

शून्य तीन प्रकारचं असतं. पाहिलंच नाही, हे पहिलं. पाहिलं पण दिसलं नाही, हे दुसरं. आणि खरोखर नाही, हे तिसरं. अहवालात तिन्ही सारखीच दिसतात, गोल. डायडेमा दिवसा कपारीत दडतो, म्हणून दिवसा मोजणाऱ्याला कमी सापडतो. मालवणला पाण्यात डोकं घातलं तर खाली दिसतं. मुंबईचं पाणी इतकं गढूळ की आपला हात दिसत नाही, म्हणून इथे पाण्यातली मोजणी बाद. उरतात उधाणाच्या सुकतीचे दोन-तीन तास, जेव्हा खालचा खडक उघडा पडतो. भांगाला तो खडक पाण्यातच असतो. पावसाळ्यात खाडीतून गोडं पाणी येतं, तेव्हा मिठाला हळवा प्राणी तोंडाशी सापडणारच नाही. ते शून्य ऋतूचं आहे, जागेचं नाही. म्हणून वहीत शून्याच्या शेजारी लिहायचं : किती जण, किती तास, कोणती तिथी, सुकती किती खाली गेली, पाणी कसं होतं, कुठला दगड उलटला आणि परत तसाच ठेवला का. असं तीन वर्षं लिहिलेलं शून्य आणि दोन दिवसांत लिहिलेलं शून्य कोणी शेजारी-शेजारी ठेवलं, तर दुसऱ्याची लाज वाटली पाहिजे.

आणि कालवांबद्दल तुम्ही म्हणालात ते तर माझ्याच बाजूचं आहे. कॅरिबियनचा धडाच तो आहे. मरेपर्यंत डायडेमा ही दुर्मीळ वस्तू नव्हती. ती त्यांची कालवं होती. मुबलक आहे म्हणून दुर्लक्ष झालं, त्याच्यावरच सगळं उभं होतं. बी. एफ. छापगर तारापोरवाला मत्स्यालयात होते, त्यांनी १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या खेकड्यांची तपशीलवार नोंद केली. म्हणून खेकड्यांबद्दल आज आपण "तेव्हा हे होते" एवढं तरी म्हणू शकतो. कालवांबद्दल, जवळ्याबद्दल, या खडकाबद्दल कोण म्हणणार?

शंकेखोर : आमची म्हातारी म्हणणार. ती सांगते, पूर्वी एका सुकतीत पाटी भरायची, आता दोन सुकत्या लागतात. तुमच्याकडे १९५७ चा कागद आहे, आमच्याकडे ती आहे.

पण थांबा, स्वतःशी खोटं बोलत नाही. मला हेही माहीत आहे की पाटी दरवर्षी थोडी मोठी होते. आजीच्या आठवणीत सगळंच भरलेलं असतं. आणि माझ्या मुलाला विचारा, तो म्हणेल, आता आहे तेच ठीक आहे, कारण त्याने याहून जास्त पाहिलेलंच नाही. डॅनिएल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हेच मांडलं होतं : प्रत्येक पिढी आपल्या लहानपणीचा समुद्र हाच मूळ समुद्र धरते, आणि घसरण कोणालाच दिसत नाही. म्हणजे आठवणीलाही वहीची गरज आहे, हे मी मानतो. नाइलाजाने मानतो.

मात्र त्यातूनच माझा खरा प्रश्न निघतो, मोजणीदार. तुम्ही या वर्षी मोजायला सुरुवात करणार. आज खाडीत शहराचं सांडपाणी आहे, प्लास्टिक आहे, गाळ आहे, कित्येक वर्षांचं नुकसान आधीच जमा आहे. या खालच्या पायरीवर तुम्ही पहिला आकडा लिहिणार. दहा वर्षांनी कोणी म्हणेल : पहिला आकडा शून्य, आजचाही शून्य, म्हणजे काही बिघडलं नाही. किंवा चार सापडले, तर म्हणेल : बघा, किनारा सावरला. कुठल्या सालापर्यंत सावरला? कॅरिबियनवाले १९८२ पर्यंत म्हणतात, पण १९८२ चा तो समुद्रही मासे उपसून रिकामा झालेला होता. आजारी माणसाचं वजन आजारपणातच पहिल्यांदा केलं, तर तेच त्याचं नेहमीचं वजन ठरतं. तुमची पहिली नोंद आमच्या नुकसानीची माफी होऊन बसेल.

मोजणीदार : याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही.

अर्धं आहे. पहिल्या पानावर लिहायचं की हा आरंभ नाही, हा उशीर आहे. म्हातारीची पाटी, कोणत्या खडकावर, कोणत्या महिन्यात, किती सुकत्यांत, हे तिच्याच शब्दांत त्याच वहीत आकड्यांच्या आधी लिहायचं. अतिशयोक्ती असेल तर असू दे. दहा म्हाताऱ्यांच्या पाट्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की बरंच चाळलं जातं. आणि "सावरला" हा शब्द वहीत वापरायचाच नाही. तिथे लिहायचं : अमुक सालापेक्षा इतके जास्त, किंवा इतके कमी. साल सोडून दिलं की शब्द खोटं बोलायला लागतो. पण एवढं करूनही ज्याला पहिलं पान फाडून फक्त आकडा घ्यायचा आहे, तो घेईलच. त्याला मी अडवू शकत नाही.

शंकेखोर : अडवू शकता. वही गावात ठेवा. काय मोजायचं ते कालवं काढणाऱ्या बायांना ठरवू द्या. सी अर्चिन हवा तर तोही मोजा, त्याच्या मिठाच्या हळवेपणासाठी. पण पहिला रकाना कालवांचा. आणि ज्याला आकडा हवा त्याने गावात येऊन, बसून, विचारून न्यावा. आमच्या खडकाची माहिती आमच्याशिवाय कोणाच्या टेबलावर पडायला नको.

मोजणीदार : इथेच आपण अडतो. बायांनी ठरवायचं, कबूल. पहिला रकाना कालवांचा, हेही कबूल. पण कुलुपातली वही ही पुन्हा आठवणच झाली, फक्त कागदावरची. लेसिओस यांचा १२ टक्के हा आकडा निघाला, कारण वेगवेगळ्या बेटांवरच्या लोकांनी आपापल्या वह्या उघड्या केल्या. फिलास्टर सापडला, कारण एका बेटाने दुसऱ्याला नमुने दिले. उद्या मालवणला सी अर्चिन मरायला लागला आणि तिथल्या माणसाला विचारायचं असलं, "गोराईला काय दिसतंय?", तर त्याला कुलूप दिसणार. समुद्राचं मरण गावाच्या वेशीवर थांबत नाही, मग समुद्राची वही कशी थांबेल?

शंकेखोर : समुद्र सगळ्यांचा, हे आम्ही फार ऐकलं आहे. बहुतेक वेळा ते ऐकवणारा काहीतरी न्यायला आलेला असतो. उघड्या वहीचा उपयोग मालवणच्या माणसाला होईल, हे खरं. पण त्याच्याआधी तो होईल ज्याच्याकडे ती वाचायला पगारी माणसं आहेत त्याला. तुमची वही दोघं वाचणार, एक फुरसतीत, एक पगारावर. कोण आधी वाचून संपवेल?

मोजणीदार : पगारावरचा. पण वहीच नसली, तर तो न वाचताच लिहील.

शंकेखोर : आणि असली, तर वाचून लिहील. त्याच्या लिहिण्यात फरक पडेल का, हे तुम्हाला ठाऊक नाही. मलाही नाही.

पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाला या. चौकट आणा, मी खडक दाखवतो. सगळे नाही, दोन. तिसरा कुठे आहे ते त्या वहीचं काय होतं ते बघून सांगेन. आणि शून्य लिहायची वेळ आली, तर ते तुम्ही लिहू नका. आमच्यातल्या बाईकडे पेन द्या. तिला विचारा, हे पाहिलं नाही, दिसलं नाही, की नाही. ती जे सांगेल ते लिहा.

मोजणीदार : आणि ती म्हणाली, "आहे, पण तुम्हाला सांगणार नाही", तर कोणत्या रकान्यात लिहू?